पीठाधीशांचा शब्द आणि आपला प्रश्न

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतली चार मुले एक निवेदन घेऊन माझ्याकडे आली. शेजारच्या गावच्या जत्रेत मातंग समाजातील एका कुटुंबाला देवळाच्या पायरीवरून खाली उतरवण्यात आले होते. बाचाबाची झाली, मग दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी प्रकरण मिटवले. मुलांना ते मिटवणे मान्य नव्हते. त्यांनी एका मोठ्या पीठाच्या स्वामींच्या नावे लिहिले होते : आपण जगद्गुरू आहात, समाज आपला शब्द मानतो, तेव्हा जातिभेद पाळणारा हिंदू नव्हे असे आपण एकदा जाहीर करावे. मजकूर शुद्ध होता, भाषा नम्र होती. "गुरुजी, पहिली सही तुमची," मुले म्हणाली. मी सही केली नाही. मुलांना राग आला हे मला दिसले. त्यांच्यापैकी एकाने जाता जाता विचारले, "मग आम्ही जायचे कुणाकडे?"

त्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करतो आहे. कारण निवेदनामागची समजूत त्या चार मुलांपुरती नाही. आपले कितीतरी सवर्ण मित्र प्रामाणिकपणे असे मानतात, की चार पीठांच्या चार आचार्यांनी एका दिवशी एक आज्ञापत्र काढले तर जात दुसऱ्या दिवशी जाईल. आपल्यातल्या काही पुढाऱ्यांनाही स्वामींच्या शेजारी बसून फोटो काढून घेताना हेच वाटत असावे. समाज हे धड आणि धर्मगुरू हे डोके, डोके फिरले की धड फिरते, अशी ही कल्पना आहे. ती खरी आहे काय? आपण ती श्रद्धेने नव्हे, इतिहासाने तपासून पाहू.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच दिवशी आपल्या माणसांवर काठ्या चालल्या, आणि पुढे पंचगव्य घालून व मंत्र म्हणून तळे 'शुद्ध' करण्यात आले. एका जनावराच्या मलमूत्राने शुद्ध होणारे पाणी माणसाच्या ओंजळीने विटाळले होते! पण इथे मला वेगळीच गोष्ट नोंदवायची आहे. ज्यांनी काठ्या उचलल्या त्यांनी कुणा जगद्गुरूच्या आज्ञापत्राची वाट पाहिली नाही. काय करायचे हे गावाला ठाऊक होते. गावाचा धर्म गावाच्या हातात होता.

तीन वर्षांनी नाशिकला याची दुसरी बाजू दिसली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ३ मार्चच्या रात्री तडजोडीचा मार्ग काढण्यासाठी नाशिककरांची जाहीर सभा भरली. अध्यक्षस्थानी होते शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी. म्हणजे ज्या शब्दाची आमची मुले वाट पाहत होती, तो शब्द बोलू शकणारा माणूस प्रत्यक्ष व्यासपीठावर होता. काय झाले? सनातन्यांनी सभेवर दगड आणि जोडे फेकले, आणि सभा उधळली. जगद्गुरूंच्या पादुकांना कपाळ लावणाऱ्या धर्माने जगद्गुरूंच्या सभेवर जोडे फेकले. मंदिराचे दार उघडले नाही. सत्याग्रह पुढे कितीतरी वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हाही ते दार बंदच होते. पुढे १९३६ साली अस्पृश्यांनी शीख व्हावे अशी योजना डॉ. मुंजे यांनी मांडली, तेव्हा तिला अनुकूलता दाखवणाऱ्यांत हेच डॉ. कुर्तकोटी होते. आपल्या घराचे एक दार ज्यांना उघडता आले नाही, ते आम्हाला दुसऱ्याच्या घराचा रस्ता दाखवू लागले.

महाडला आज्ञेची गरज पडली नाही, आणि नाशिकला आज्ञा चालली नाही. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की धर्मगुरूच्या सत्तेचे खरे स्वरूप कळू लागते. त्याचा शब्द एकाच दिशेला चालतो. जे समाजाला आधीच करायचे आहे त्यावर तो शिक्का मारतो, तेव्हा तो जगद्गुरू असतो. जे समाजाला करायचे नाही ते तो सांगू लागला, की तो कुणीच नसतो.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर अध्यात्मात नाही, व्यवहारात आहे. वाईट शब्द ऐकणाऱ्याला फुकट पडतो. 'अस्पृश्यता शास्त्रात आहे' असे आचार्य म्हणाले तर ऐकणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही. त्याची विहीर, त्याचे देऊळ, त्याची पंगत, त्याच्या मुलीचे लग्न जिथल्या तिथे राहते, वर पुण्यही मिळते. 'अस्पृश्यता पाप आहे' या शब्दाला मात्र किंमत आहे. विहीर द्यावी लागते, मजुरी द्यावी लागते, गावकीतली जागा द्यावी लागते. ती किंमत मोजायला सांगणारा गुरू कुणाला नको असतो.

आणि गुरूही ही किंमत मोजायला का सांगत नाही? कारण मठही अन्नावर चालतो. इनामाची जमीन, दरबारची नेमणूक, शिष्यांची दक्षिणा, पाद्यपूजेचे ताट यांवर पीठ उभे असते. ताट ज्याच्या घरून येते त्याच्या विरुद्ध शास्त्र सहसा निघत नाही. कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण याचा उत्तम पुरावा आहे. शाहू महाराज छत्रपती होते, तरी राजोपाध्ये त्यांचे विधी वेदोक्त पद्धतीने करायला तयार नव्हते. महाराज त्यांच्या लेखी शूद्र होते. शास्त्रार्थ पुष्कळ झाला. पण राजोपाध्यांचे वतन जप्त झाले, मठाच्या उत्पन्नापर्यंत दरबारचा हात पोचला, आणि मग करवीरच्या पीठाला महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार शास्त्रात सापडला! शास्त्र तेच होते, पोथी तीच होती. बदलले होते ते उत्पन्न.

महाराजांनी यातून जो धडा घेतला त्याबद्दल मला आदर ठेवूनही एक मतभेद नोंदवायचा आहे. त्यांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले. ब्राह्मण पुरोहिताची मक्तेदारी मोडण्याचे ते मोठे पाऊल होते यात शंका नाही. पण मक्तेदारी मोडणे वेगळे आणि पीठ मोडणे वेगळे. एका जगद्गुरूला दुसरा जगद्गुरू हे उत्तर होऊ शकत नाही. महात्मा फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्म मांडला तेव्हा माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा गाभा होता. त्या गाभ्याशी कोणतेही पीठ, मग ते कुणाच्याही जातीचे असो, विसंगतच ठरते.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येऊ. १९६९ हे वर्ष मला या बाबतीत फार बोलके वाटते. २५ डिसेंबर १९६८ रोजी तमिळनाडूतील कीळवेण्मणी येथे ४४ दलित जिवंत जाळले गेले होते. मजुरी वाढवून मागणे हा त्यांचा गुन्हा होता. त्यानंतर काही महिन्यांतच पाटण्यास भरलेल्या हिंदू परिषदेत पुरीचे शंकराचार्य निरंजनदेव तीर्थ यांनी अस्पृश्यतेचे शास्त्राच्या आधारे समर्थन केले. देशभर गदारोळ झाला, संसदेत पडसाद उमटले. हेच स्वामी १९६६-६७ साली गोहत्याबंदीसाठी दीर्घ उपोषणाला बसले होते. गाईसाठी आचार्य उपाशी राहिले. कीळवेण्मणीच्या ४४ जिवांसाठी कोणते पीठ एक दिवस उपाशी राहिले?

त्याच वर्षाच्या डिसेंबरात उडुपीला विश्व हिंदू परिषदेच्या व्यासपीठावर अनेक मठांचे स्वामी जमले आणि सर्व हिंदू परस्परांचे सहोदर आहेत, कोणीही हिंदू पतित नाही, असा ठराव त्यांनी केला. म्हणजे आमच्या मुलांना हवे होते ते आज्ञापत्र पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच निघून गेले आहे! त्यात पुढाकार घेणारे पेजावर मठाचे विश्वेशतीर्थ स्वामी पुढे दलित वस्त्यांतून पायी फिरले. त्यांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. पण त्याच उडुपीच्या कृष्णमठात ब्राह्मणांच्या वेगळ्या पंगतीविरुद्ध २०१४ सालीही आंदोलन करावे लागले. सहोदर झालो, पण ताटे वेगळीच राहिली. आणि ठरावानंतर बारा वर्षांनी, १९८१ साली, तमिळनाडूतील मीनाक्षीपुरम येथे शेकडो दलितांनी इस्लाम स्वीकारला. सहोदर घर सोडून निघाले तेव्हा मात्र मठ खडबडून जागे झाले. आम्ही आत असताना आमची कुणाला आठवण नव्हती. आम्ही दाराबाहेर पाऊल टाकले की आमची मोजदाद सुरू होते.

पुरीच्या निवेदनाने मने बिघडली, उडुपीच्या ठरावाने मने सुधारली नाहीत. १९८७ साली राजस्थानातील देवराला येथे रूपकंवर ही तरुण विधवा चितेवर जळाली, तेव्हाही याच पुरीच्या आचार्यांनी सतीप्रथेची तरफदारी केली. तिथेही त्यांचा शब्द चालला तो चिता आधीच रचणाऱ्यांमध्ये. दलित आणि स्त्री या दोघांच्या बाबतीत पीठाचा न्याय एकच आहे, हे आपल्या चळवळीतील पुरुषांनीही लक्षात ठेवलेले बरे.

हे फक्त हिंदू धर्माचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. रोमच्या पोपइतका सुसंघटित अधिकार जगातल्या कोणत्याही शंकराचार्याकडे नाही. बिशप ते नेमतात, आज्ञा वरून खाली उतरते. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तमिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाविरुद्ध स्पष्ट शब्दांत सांगितले. तरीही त्या प्रांतात काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला मेल्यावरही वेगळी माती मिळत राहिली. भारतातील पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. ज्या चर्चमध्ये एक शब्द साऱ्या जगात पोचतो, तिथे तो गावच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी अडतो, तर मग इथल्या मठांच्या शब्दाचे काय सांगावे?

आणि कुणाला अजूनही वाटत असेल की हिंदू समाज आचार्यांच्या मुठीत आहे, तर त्याने २२ जानेवारी २०२४ आठवावी. अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेला चारही पीठांचे शंकराचार्य उपस्थित नव्हते. पुरी आणि ज्योतिर्मठ येथील आचार्यांनी तर उघड आक्षेप घेतले. मंदिर अपुरे असताना प्रतिष्ठा शास्त्राला धरून नाही असे सांगितले. त्या आक्षेपांच्या शास्त्रीय गुणवत्तेशी मला कर्तव्य नाही. मला एवढेच दिसते, की सोहळा एक क्षणही थांबला नाही. दलिताला पायरीवरून उतरवताना 'शास्त्र' म्हणणाऱ्यांना त्या दिवशी शास्त्राचे सर्वोच्च अधिकारी आठवले नाहीत. नाशिकला जोडे फेकावे लागले होते. या वेळी नुसते दुर्लक्ष पुरले.

यावर एखादा वाचक विचारील, की पीठाच्या शब्दाला असे बळच नसेल तर त्याच्याविरुद्ध लिहिता कशाला? प्रश्न योग्य आहे. पीठाला समाज बदलण्याचे बळ नाही, पण समाजाच्या क्रौर्याला प्रतिष्ठा देण्याचे बळ आहे. पायरीवरून माणूस उतरवणारा पाटील स्वतःला दुष्ट समजत नाही, धार्मिक समजतो. रात्री त्याला शांत झोप लागते. ती झोप त्याला पीठ देते. म्हणून शिक्क्याशी लढावे लागतेच. फक्त शिक्का मारणाऱ्याकडे न्याय मागायला जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिक्क्याशी लढायचे कसे, हेही आपल्या इतिहासात आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात पुरोहितपण वंशपरंपरेने मिळू नये, त्यासाठी परीक्षा असावी, सरकारची सनद असावी आणि पुरोहित कायद्याच्या शिस्तीखाली असावा, अशा सूचना केल्या. ते भाषण त्यांना करू दिले गेले नाही. त्यांनी ते स्वतः छापले. त्यांतल्या काही गोष्टी कायद्याच्या मार्गाने, तुकड्यातुकड्याने का होईना, घडल्या. १९७६ साली दुरुस्त झालेल्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने धर्माच्या, तत्त्वज्ञानाच्या किंवा परंपरेच्या आधारे अस्पृश्यतेचे समर्थन करणे हाही गुन्हा ठरवला. पाटण्यास जे बोलले गेले ते आज बोलणे म्हणजे गुन्हा करणे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. ज्या चोखोबांना महाद्वाराबाहेर समाधी मिळाली, त्यांच्या विठ्ठलाच्या गाभाऱ्यावरची मक्तेदारी अखेर न्यायालयात संपली, कुणा आचार्याच्या कृपेने नव्हे. केरळात २०१७ साली दलित पुजारी नेमले गेले, तमिळनाडूत २०२१ साली सर्व जातींचे प्रशिक्षित अर्चक नेमले गेले. हे सारे सरकारने, न्यायालयाने आणि चळवळीने केले. पण एक गोष्ट पाहा : पुजारी बदलता आला, पीठाला अजून कुणी हात लावलेला नाही. आचार्य कोण व्हावा हे आजही परंपराच ठरवते, आणि ती परंपरा कोणत्या जातीची आहे हे सांगायला नको.

इथवर दुसऱ्यांविषयी लिहिले. आता थोडे आपल्याविषयी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. मग समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली ती मात्र स्वतः बाबासाहेबांनी. त्यांनी चीवर घातले नव्हते. एका गृहस्थाने आपल्या लोकांना धम्म दिला, आणि बावीस प्रतिज्ञा लोकांच्या स्वतःच्या तोंडून वदवून घेतल्या. या घटनेचा अर्थ आपण पुरेसा लावलेला नाही असे मला वाटते. धम्म घ्यायला कुणा पीठाधीशाचा हात डोक्यावर असावा लागत नाही, हे त्या दिवशी लाखो लोकांच्या साक्षीने सिद्ध झाले. तथागतांनीही आपल्यामागे कुणाला गादीवर बसवले नाही. धम्मच तुमचा शास्ता, असे सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही गोष्ट मुद्दाम अधोरेखित केली.

आणि आज आपण काय करतो? विहारात आसन उंच होत चालले आहे. पुढाऱ्याच्या पायावर डोके ठेवणारी रांग लांबत चालली आहे. कुणी 'आदरणीय' म्हणून बोलू लागला की त्याला प्रश्न विचारणे हा द्रोह ठरतो. आपल्यातही लहान लहान पीठे तयार होत आहेत, आणि त्यांचा शब्दही एकाच दिशेला चालतो : आपल्याला जे ऐकायचे आहे ते ते सांगतात, आपण टाळ्या वाजवतो. आपल्या वस्तीतले बौद्ध आणि मातंग एकमेकांच्या घरी मुली देतात काय, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. विचारला तर आपणही जोडे शोधू लागू, अशी मला भीती वाटते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. 'मग जायचे कुणाकडे?'

चार दिवसांनी मी त्या मुलांना बोलावले. आम्ही सगळे मिळून त्या मातंग कुटुंबाकडे गेलो. आम्ही १९५६ साली त्या देवळाकडे पाठ फिरवली. पण ज्यांनी पाठ फिरवली नाही त्यांना पायरीवरून उतरवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार देता येते, हे मी त्यांना समजावून सांगितले. घरातला कर्ता माणूस बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, तक्रार देतो. पण खळ्यावर काम त्यांच्याच आहे. दसऱ्यापर्यंत चूल कशी पेटवू, तेवढं सांगा."

या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही जगद्गुरूच्या आज्ञापत्रात उत्तर नाही. जातीची खरी गादी तिथे आहे, त्या खळ्यावर. म्हणून मी मुलांना म्हणालो, की निवेदनासाठी तुम्ही ज्या घरांतून सह्या गोळा करणार होता, त्याच घरांतून आता धान्य आणि पैसे गोळा करा. त्या कुटुंबाचे दसऱ्यापर्यंतचे आपण पाहू. आमच्या बौद्ध वस्तीतून मातंगाच्या घरी धान्य जाईल, हेही काही लहान काम नाही. पहिल्या दिवशी दोन घरांनी दार लावून घेतले. पण इतरांनी दिले.

तक्रार त्या माणसाने स्वतःच्या नावाने दिली. तिच्यासोबत आम्ही जोडलेल्या अर्जावर पहिली सही माझी आहे.